भिंतीचा अंदाज

यंदाच्या पावसात परसामागचा जुना गडगा ढासळला. आता तिथे काँक्रीट ब्लॉकची भिंत घालायची, म्हणून रात्री वही घेऊन बसले आहे. लांबी २० मीटर, उंची दीड. म्हणजे ३० चौरस मीटर. सांध्यासकट ब्लॉकचं तोंड ४० बाय २० सेंटीमीटर, तेव्हा चौरस मीटरला साडेबारा, एकूण ३७५. फुटतुटीचे शंभराला पाच धरले, की ३९५ च्या आसपास. पुढे एकास सहाचा माल, रेतीचे ब्रास, गवंड्याची मजुरी.

आकडे शांतपणे कागदावर उतरतात. मन मात्र रेंगाळतं. गडग्याचे दगड बाबांनी सिमेंटाशिवाय एकावर एक बसवले होते. फटींतून पाणी जायचं, शेवाळ वाढायचं, मुंगूस ये-जा करायचं. मधे गडगा जरा सखल होता; पलीकडच्या काकी तिथूनच हाक मारत, आणि वाटीभर काहीतरी या हातातून त्या हातात जाई. मधला तो सखल भाग नव्या भिंतीतही ठेवावा का? तिथले ब्लॉक वजा करावेत का? तो रकाना कोराच ठेवला आहे.

पायाचा खर्च लिहिताना हात थबकतो. चर, सोलिंग, पीसीसी. पैसा इथे मुरतो आणि पुन्हा दिसत नाही. तरी भिंत उभी राहते ती त्याच्याच जोरावर.

तुम्हीही कुंपण घालणार असाल, तर ब्लॉकचे दर विचारण्याआधी पाया, पाणी निघायची भोकं आणि निदान ७ दिवस भिंतीवर पाणी मारायची मजुरी अंदाजात लिहून ठेवा.