मृगाआधीची जीप

१८ मे

मृग बहारासाठी बागेचं पाणी तोडून तीन आठवडे झाले. संत्र्याची पानं दुपारी वळतात, रात्री पुन्हा सरळ होतात. बाग ताणावर असली की तिथे हाताला फारसं काम नसतं, म्हणून हे दिवस मी दरवर्षी जीपसाठी राखून ठेवतो. मृग लागायला वीस दिवस उरले.

घरापासून बाग साडेतीन किलोमीटर. पहिला तुकडा डांबरी, मग पांदण, मग नाला, पुन्हा पांदण आणि शेवटी टेकडीच्या पायथ्याचा मुरूम. कारंज्यावरून नागपूर–अमरावती महामार्गाने गाड्या भरधाव जातात. तोच महामार्ग सोडून जरा आत वळलं की काळी माती सुरू होते, आणि पावसाळ्यात तिथे बैलगाडी, ट्रॅक्टर आणि आमची एमएम ५४० जीप एवढीच चाकं फिरतात.

आज फक्त धुतली. पुतणीला वाटलं, पाइपाने पाणी मारलं की झालं. मी तिच्या हाती खुरपं दिलं. गेल्या पावसाळ्यातली माती ॲक्सलच्या हाऊसिंगवर, कमानपाट्यांच्या बेचक्यांत, चेसिसच्या आतल्या अंगाला विटेसारखी बसली होती. ही माती ओल धरून ठेवते आणि तिच्याखाली पत्रा गुपचूप सडतो. आधी कोरडी खरवडायची, मग पाणी. दोन घमेली माती निघाली. जीप स्वच्छ झाल्याशिवाय कुठून तेल गळतं, कुठे तडा गेलाय, हे दिसतच नाही. सुकल्यावर लहान हातोडीने चेसिस ठोकत गेलो. चांगलं लोखंड खणखणतं, गंजलेलं थप्प वाजतं. मागच्या कमानपाट्याच्या शॅकलजवळ एका ठिकाणी थप्प वाजलं. तिथे खडूची खूण केली.

२१ मे

चाचा मिस्त्री सकाळी सातलाच आले. त्यांच्या सांगण्यावरून आधी जीप महामार्गापर्यंत नेऊन आणली. तेल गरम असताना सोडलं तर तळाचा गाळही त्याच्यासोबत येतो.

गिअरपेटीत तेल कमी निघालं, तिच्या मागच्या दुसऱ्या पेटीत, म्हणजे जिथून पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटली जाते तिथे, जास्त. पुतणी म्हणाली, गळती तर कुठेच नाही. चाचा हसले. "गळलं नाई बेटा, शेजारी गेलं." दोन्ही पेट्या एकमेकींना चिकटलेल्या, मधला सील थकला की इकडचं तेल तिकडे जातं. माणूस एकीचीच पातळी बघतो, तिच्यात भरत राहतो, आणि दुसरी तुडुंब होऊन पुढचा सील फाडते. दोन्हींची पातळी एकाच दिवशी बघायची, हे तिने वहीत लिहून घेतलं.

तेलाविषयी माझं एक ठाम मत आहे. दुकानदार "९० नंबर" म्हणून जे देईल ते सगळीकडे ओतू नये. हाऊसिंगच्या क्राऊन-पिनियनला जीएल-५ हवं, कारण तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. जुन्या गिअरपेटीत मात्र पितळेच्या रिंगा असतात, आणि जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात, तिथे जीएल-४. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. चष्मा लावून वाचावं.

पुढच्या हाऊसिंगचं तेल दुधाळ निघालं. म्हणजे पाणी शिरलेलं. चाचांनी वरच्या बाजूची बोटाएवढी ब्रीदरची टोपी काढून दाखवली. मातीने पार बंद. हाऊसिंग चालून तापतं, नाल्याच्या पाण्यात उतरताच एकदम थंड होतं, आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर हवा तिथून आत येते. बंद असेल तर ते ऑईल सीलच्या कडेने पाणीच ओढतं. ब्रीदर साफ केला आणि त्याला रबरी नळी जोडून ती इंजिनच्या वरच्या अंगाला आणून बांधली, टोक खाली वाकवून. मागच्यालाही तेच केलं. नळी आणि क्लिपा मिळून जेवढे पैसे गेले, तेवढ्यात एक सीलसुद्धा येत नाही.

२२ मे

वेल्डिंगवाला आला. खडूची खूण असलेली जागा घासली तर पत्रा कागदासारखा. नुसती पट्टी चिकटवू दिली नाही. सडका भाग कापून जाड पत्रा बसवून घेतला. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढल्या, डिझेलची टाकी उतरवून बाजूला ठेवली.

२५ मे

नवतपा लागला. सिमेंटच्या अंगणात पाय ठरत नाही. रेडिएटर बघायला याहून चांगला दिवस नाही: आज तापली नाही तर वर्षभर तापणार नाही.

काही वर्षांपूर्वी एका गॅरेजात इंजिन तापतं म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकला होता, मला न विचारता. आपल्याकडे हा सर्रास चालणारा इलाज आहे आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की थंडीच्या सकाळी इंजिनला पुरेसं तापायला अर्धा तास लागतो. तोवर डिझेल नीट जळत नाही, धूर होतो, सिलिंडर झिजतात. तापण्याचं खरं कारण मात्र तसंच राहतं. आमच्या जीपचं कारण रेडिएटरच्या जाळीत होतं: वर्षानुवर्षांचा भुसा, किडे, तणाचं बी. आतल्या बाजूने, म्हणजे पंख्याकडून बाहेर, हलक्या धारेने पाणी मारून जाळी मोकळी केली. उलट मारलं तर घाण आणखी आत बसते. रेडिएटरच्या आत खाऱ्या पाण्याचा थर साचून नळ्या अर्ध्या बुजलेल्या, त्या रेडिएटरवाल्याकडून उघडून घेतल्या. आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर धरतं. आता कूलन्ट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, दुसरं काही नाही. थर्मोस्टॅट नवा बसवला.

या जीपला प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन आहे. गोड चालतं, कमी आवाज करतं, पण एकदा उकळलं तर हेड वाकतं. सुई वर चढताना दिसली की थांबायचं. आणि थांबल्यावर लगेच झाकण उघडायचं नाही; माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे.

२९ मे

डिझेल आणि वायरिंग. टाकी उतरलेलीच होती, आतून धुतली. तळाशी गंजाचा चॉकलेटी चिखल निघाला. दोन्ही फिल्टर नवे. मग हवा काढणं. पुतणीला हे स्वतः करता यायला हवं, कारण पांदणीत डिझेल संपलं तर डिझेल ओतून काम भागत नाही, लाइनीतली हवा काढावीच लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, तिने हाताने प्रायमर दाबत ठेवला. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. तेव्हा स्क्रू घट्ट. तिसऱ्यांदा तिने मला हात लावू दिला नाही.

हीटर प्लग चार. वरची पट्टी काढून एकेक बल्बने तपासला. तिनांवर पेटला, चौथ्यावर नाही. सकाळी तीन-तीनदा सेल्फ मारावा लागायचा, त्याचं कारण हे. मी उगाच बॅटरीला दोष देत होतो.

उंदरांनी हेडलाइटची वायर दोन ठिकाणी कुरतडलेली. नवी वायर ओढताना प्रत्येक लाइनीला वेगळा फ्यूज दिला आणि बॅटरीजवळ कट-ऑफ बसवला. इंजिनपासून चेसिसपर्यंतची अर्थची पट्टी हिरवी पडली होती, ती घासून चकचकीत केली. जुन्या गाडीचे निम्मे विजेचे आजार या एका पट्टीत असतात.

२ जून

पुतणीने मोबाइलवर जीपा दाखवल्या. केवढाले टायर, पुढे लोखंडी गार्ड, विंच, छतावर दिव्यांची ओळ. तिला यातलं काय काय हवं हे तिने मोकळेपणाने सांगितलं, मीही मोकळेपणाने बोललो.

गार्ड नको. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र पाठवून ते काढायला लावलेत, आणि कारण पटण्यासारखं आहे: रस्त्यावरच्या माणसाला जीप लागली तर लोखंडी दांडा त्याची हाडं मोडतो, आणि धक्का थेट चेसिसवर येतो. मोठे टायर नकोत. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे. कंपनीच्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल करता येत नाहीत, आणि आमच्यासारख्या पंधरा वर्षं ओलांडलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, तेव्हा साहेब गाडी उभी-आडवी बघतात. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. ६.००-१६ चा अरुंद टायर या स्टिअरिंगसाठी, या ॲक्सलसाठी आहे. मोठं चाक घातलं की किंगपिन, बेअरिंग, ब्रेक सगळ्यांवर न झेपणारं ओझं येतं.

विंच वाईट नाही. पण आमच्या पांदणीत दोर बांधायला शंभर मीटरवर एक बाभूळ, आणि हाकेच्या अंतरावर कुणाचा तरी ट्रॅक्टर. त्या पैशात चारही ब्रेक नवे होतात. ती म्हणाली, "काका, मग एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी." पुढे-मागे चेसिसला बोल्टने कसलेले मजबूत हुक बसवायचं ठरलं. हे तिचंच म्हणणं होतं आणि अगदी बरोबर होतं. आजवर आम्ही बंपरला दोर बांधत आलो, ती चूक होती.

५ जून

पन्नासच्या पुढे जीपचं स्टिअरिंग नाचायचं. सगळे म्हणत, जुन्या जीपा नाचतातच. चाचांनी पुढचं चाक उचलून वर-खाली हलवलं, टकटक आवाज आला. किंगपिनचं बेअरिंग सैल. आतल्या पत्र्याच्या चकत्या एकेक करून कमी केल्या, चाक हाताने ना सैल ना जड फिरेपर्यंत. टाय रॉडचं एक टोक बदललं. स्टिअरिंग नकलभोवतीचा नमदा झिजून माती आत गेली होती, तो नवा. संध्याकाळी महामार्गावर साठपर्यंत नेली. एका हाताने धरली तरी सरळ.

महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला सुरुवात केली. त्या रचनेतलं बरंच काही या जीपपर्यंत चालत आलं, म्हणून आजही नागपुरात बेअरिंगचा नंबर सांगितला की दुकानदार जुनी पेटी काढतो. ही मोठी सोय आहे. पण नंबर जुन्या बेअरिंगवरून स्वतः वाचून न्यावा, तोंडी नाव सांगून आणू नये.

७ जून

सामान भरलं. फावडं, जॅक, जॅकखाली ठेवायला बाभळीची रुंद फळी, चार पोती, जाड नायलॉनचा दोर, हवा मोजायचा काटा, हवेचा पायपंप, फॅन बेल्ट, डिझेल फिल्टर, फ्यूज, पाच लिटर पाणी. दोर ताणताना त्याच्या मध्यावर ओलं पोतं टाकायचं. दोर तुटला तर पोतं त्याचा फटका खाली पाडतं. साखळी नाही घेतली. साखळी तुटली की माणूस जातो.

१५ जून

रात्री पहिला दमदार पाऊस. सकाळी पांदण काळ्या तुपासारखी. ही माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या नक्षीत भरते, आणि मग चाक म्हणजे नुसता गुळगुळीत लोळा. पुतणी किल्ली घेऊन उभी होती. मी तिला धुऱ्यावर नेलं, मूठभर माती उचलून दाबायला लावली. बोटांना चिकटली. वाफसा नाही. पेरणीला जो नियम, तोच जीपला. दोघं पायीच बागेत गेलो. ताण छान तुटलाय.

२४ जून

आज मीच वाफसा न बघता निघालो. खताची पाच पोती मागे, आभाळ भरलेलं, घाई. नाला चांगला पार केला: आधी काठी घेऊन चालत गेलो, पाणी गुडघ्याखाली होतं, पुढची चाकं डांबर सोडतानाच जोडली होती. पण पलीकडच्या चढाला चाकोरीत घसरलो आणि मागचं हाऊसिंग मातीवर बसलं. ॲक्सिलेटर दाबत राहिलो असतो तर आणखी खोल गेलो असतो. इंजिन बंद केलं.

पोती उतरवली. हाऊसिंगखालची माती फावड्याने काढली. याशिवाय बाकी सगळं व्यर्थ. हवा पंधरा पौंडांवर आणली. याहून कमी नाही, ट्यूबचे टायर आहेत. रिम आत फिरून व्हॉल्व्ह उपटतो. चाकांपुढे तुराट्या टाकल्या. पऱ्हाटी जवळच होती, पण तिची कापलेली खोडं टायरच्या कुशीत घुसतात. पुतणी स्टिअरिंगवर, मी बाजूला, चाकाच्या रेषेत नाही. पहिला गिअर, लो, हळूच क्लच. तिसऱ्या प्रयत्नात जीप पुढे सरकली आणि घट्ट जमिनीवर आली. खत आम्ही डोक्यावर वाहून नेलं.

२५ जून

काल रात्री दमलो होतो, तरी जीप तशीच उभी केली नव्हती. नाल्यावरून परतताच ब्रेक हलके दाबत दाबत गरम करून वाळवले होते. आज चारही ड्रम उघडले, दोनांत चिखल. धुतले. प्रत्येक निपलला ग्रीस, जुनं पाणेरी ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. पुढच्या हाऊसिंगचा नट सैल करून थेंबभर तेल बोटावर घेतलं. मधासारखं स्वच्छ. पुतणीने बोट माझ्यापुढे धरलं, मग वहीत तारीख घातली आणि पुढे लिहिलं, पाणी नाही.