आधी वस्ती, मग खोली

सुट्टीचं ठरलं की घरात पहिली चर्चा गाडीच्या तिकिटांची होते आणि दुसरी हॉटेलची. तिकिटांचा निकाल लवकर लागतो. हॉटेलचं घोंगडं मात्र भिजत पडतं. रात्री जेवणं आटोपली की सगळे एका मोबाइलभोवती जमतात. मुलाला पोहायचा तलाव हवा, मुलीला गॅलरी हवी, ह्यांना गाडी उभी करायला जागा हवी. सासूबाई सगळ्यांचं ऐकून घेतात आणि एवढंच विचारतात, "तिथून देऊळ किती लांब आहे गं? माझं मला चालत जाता येईल का?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. खोली कशी आहे, हे त्या विचारत नाहीत. दारातून बाहेर पडल्यावर आपल्या पायांनी कुठवर जाता येईल, हे त्या विचारतात. सहकुटुंब जायचं असेल तर हॉटेलची निवड इथूनच सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे. आधी वस्ती निवडावी, मग खोली.

आमच्या रायपूरच्या सुट्टीचंच घ्या. नागपूरहून रायपूर रेल्वेने सुमारे 300 किलोमीटर. गोंदिया मागे पडतं, दरेकशाचा बोगदा येतो, डोंगरगडच्या टेकडीवर बमलेश्वरीचं देऊळ दिसलं की सासूबाईंचे हात आपोआप जोडले जातात. मग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, आणि रायपूर. उतरायला सोपं आणि राहायला जागाही पुष्कळ. विमानतळाकडे जाणाऱ्या व्हीआयपी रोडवर हिरवळ आणि पोहायचे तलाव असलेली ऐसपैस हॉटेलं आहेत. तेलीबांधा तलावाच्या काठाला तिथले लोक हौसेने मरीन ड्राइव्ह म्हणतात. त्या बाजूला राहिलं तर संध्याकाळ पाण्याशेजारी जाते. जंगल सफारी आणि पुरखौती मुक्तांगण बघायचं असेल तर नवा रायपूर बरा. जुन्या शहराचा बाजार हवा असेल तर जयस्तंभ चौकाच्या आसपास उतरावं.

आणि स्टेशनच्या पलीकडे आहे गुढियारी. रुळांनी रायपूरचे दोन भाग केले आहेत. जयस्तंभ चौक, बुढापारा आणि जुने बाजार एकीकडे. गुढियारी दुसरीकडे, मधून अंडरब्रिजची ये-जा. प्रवासी सहसा स्टेशनच्या मोठ्या दाराने शहरात शिरतो. गुढियारीच्या बाजूने बाहेर पडलं की समोर येते ती राहती, कष्ट करणारी वस्ती: किराणा-धान्याचा ठोक बाजार, हातगाड्या, शाळेत निघालेली मुलं, मच्छी तालाबचं हनुमान मंदिर. गोकुळाष्टमीला इथे दहीहंडीही मोठ्या थाटाने होते. देवळाचा प्रश्न असा सुटला आणि आम्ही त्या बाजूचं एक लहानसं हॉटेल धरलं.

वस्ती ठरली की खोलीची पारख करायची, आणि ती घरातल्या सगळ्यात थकल्या पायांच्या मापाने करायची. छायाचित्रांत खोली नेहमी मोठी दिसते आणि न्हाणीघर दिसतच नाही. म्हणून मी फोन करते आणि नेमकं विचारते. लिफ्ट आहे का? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं? खिडकी रस्त्यावर उघडते की मागे? चौघांच्या खोलीत पाचवी गादी घालून मिळेल का, आणि तिचे किती? फोनवर जो माणूस न कंटाळता एवढं सांगतो, तो रात्री दोन वाजता मुलाला ताप आला तरी दार उघडतो, असा माझा विश्वास आहे. पोचल्यावर पैसे भरण्याआधी खोली बघून घ्यावी. त्यात संकोच कसला?

गुढियारीतल्या खोलीचं न्हाणीघर मला अजून जसंच्या तसं आठवतं. दाराशी चार बोटं उंचीचा उंबरठा होता. आत खडबडीत फरशी, कोपऱ्यात प्लास्टिकची निळी बादली, तिच्या काठाला अडकवलेला मग आणि शेजारी एक पाट. सासूबाईंनी आधी उंबरठ्यावर पाऊल टेकवून बघितलं, मग हाताने भिंत चाचपली. नळाच्या वरच्या अंगाला लोखंडी कडी होती, ती त्यांनी दोनदा ओढून पाहिली. "हलत नाही," त्या म्हणाल्या आणि पाटावर बसून निवांत आंघोळ केली. शॉवरखाली उभं राहायची त्यांना धास्ती वाटते. त्या दिवशी घरातल्यासारखी आंघोळ झाली आणि सुट्टी त्यांचीही झाली.

पैशांचं आधीच स्पष्ट केलेलं बरं. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी पाच टक्के झाला आहे. आधी तो बारा टक्के होता. सांगितलेलं भाडं करासकट की कराविना, ते विचारून घ्यावं. सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावलं आहे. चेक-आउटची वेळही बघावी. स्टेशनजवळच्या बऱ्याच हॉटेलांत चोवीस तासांचा हिशेब असतो. पहाटेच्या गाडीने येणाऱ्या, लेकरंबाळं सोबत असलेल्या घराला हा हिशेब फार सोयीचा पडतो. दुपारी बारापर्यंत सामानावर बसून राहावं लागत नाही.

जवळचं हॉटेल घेतल्याचं सुख सकाळी कळतं. मुलं झोपलेली असताना सासूबाई आणि मी बाहेर पडलो. देवळात नमस्कार केला आणि बाजाराच्या कडेने चालू लागलो. एका दुकानापुढे तांदळाची पोती उतरत होती. दुकानदाराने टोकदार लोखंडी नळी पोत्यात खुपसली, तिरकी करून बाहेर काढली आणि तळहातावर चिमूटभर दाणे घेतले. बोटाने ते पसरले, तुटके वेगळे केले, एक दाणा दाताखाली धरला. सासूबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं, भाताच्या शेतीतलं. त्या थांबल्याच. दुकानदाराने काही न विचारता हात त्यांच्यापुढे केला. त्यांनीही एक दाणा उचलून चावला आणि म्हणाल्या, "जुना आहे. मोकळा होईल." तो हसला. शेजारी चहा करणाऱ्या बाईने बाक पुसला आणि म्हणाली, "बइठव दाई." शहर बाहेर वेगाने चाललं होतं आणि माझ्या सासूबाई त्यात मानाने बसल्या होत्या.

रायपूर आम्हा नागपूरकरांना तसं परकं नाही. भोसल्यांच्या घरातल्या बिंबाजीने 1758 ते 1787 पर्यंत रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे 1956 पर्यंत रायपूरकरांची राजधानी नागपूरच होती. कोर्टकचेरीला, कॉलेजला त्यांची पावलं आमच्या गावाकडे वळत. मराठी माणसंही तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. माधवराव सप्रे त्यातलेच. 1900 साली पेंड्राहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' काढलं, 'गीतारहस्य' हिंदीत नेलं आणि 1926 मध्ये रायपुरातच देह ठेवला.

पण रायपूरच्या मुक्कामाचा विचार करताना मला सगळ्यात आधी आठवतं ते कोलकात्याचं दत्त कुटुंब. वकिलीच्या कामासाठी विश्वनाथ दत्त इथे आले आणि 1877 च्या सुमाराला त्यांनी घरच्यांना बोलावून घेतलं. रेल्वे तेव्हा रायपूरपर्यंत पोचली नव्हती. चौदा वर्षांचा नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आई-भावंडांबरोबर बैलगाडीने जंगलातून कित्येक दिवसांचा प्रवास करून आला. बुढापाऱ्यात हे कुटुंब सुमारे दोन वर्षं राहिलं. गावात त्याच्या जोगती शाळा नव्हती, तेव्हा वडीलच त्याचे शिक्षक झाले. घरी येणाऱ्या जाणत्या माणसांच्या चर्चेत ते मुलाला बसवत, त्याचं मत ऐकून घेत. बुद्धिबळ आणि स्वयंपाकाची गोडीही त्याला इथेच लागली. आज बुढा तलावाला विवेकानंद सरोवर म्हणतात आणि विमानतळालाही स्वामींचं नाव आहे. त्या घरात काय सोयी होत्या, याची चर्चा चरित्रकार करत नाहीत. वडिलांना मुलासाठी तिथे वेळ मिळाला, हे मात्र सगळे आवर्जून सांगतात.

घरच्यांना एकमेकांसाठी मिळालेला असा वेळ हीच सुट्टीची खरी कमाई. तो वेळ वाहनात खर्ची पडू नये, यासाठी हॉटेल जवळ हवं. आमचे दिवस असे गेले: सकाळी महंत घासीदास संग्रहालय बघायचं आणि त्याच आवारातल्या गढ कलेवात बसून फरा, चीला, ठेठरी खायची. दुपारी खोलीवर परत. सासूबाईंना तासभर झोप लागते, ती मिळाली. मुलांनी पत्ते मांडले, त्यांच्या बाबांनीही मांडी घातली. उन्हं उतरल्यावर पुन्हा बाहेर. दुपारी परत येणं जमलं म्हणून संध्याकाळीही पाचही जण सोबत होते. हॉटेल शहराबाहेर असतं तर आजी खोलीत आणि नातवंडं गर्दीत, अशी घराची वाटणी झाली असती.

गुढियारीसारखी वस्ती सगळ्यांनाच मानवेल, असं मी म्हणत नाही. गाड्यांचे भोंगे रात्रीही ऐकू येतात, माल भरलेल्या वाहनांची वर्दळ असते, आणि मोठ्या पावसात अंडरब्रिजखाली पाणी तुंबतं. तान्हं मूल झोपेचं हळवं असेल, कुणी आजारातून उठलेलं असेल, तर शांत बाजूचं हॉटेल घ्यावं आणि दोन पैसे जास्त मोजावेत. वर्षभर राबलेल्या बाईला चार दिवस हिरवळीवर नुसतं बसून राहावंसं वाटलं, तर तीही तिच्या हक्काची सुट्टी आहे. फक्त निवड करताना घरातल्या प्रत्येकाचा दिवस डोळ्यांपुढे आणावा: कोण किती चालेल, कुणाला कधी पडावंसं वाटेल, कुणाला एकटं खाली उतरून चहा प्यावासा वाटेल. ज्या हॉटेलात हे सगळे दिवस बसतात, ते आपलं.

यंदा दिवाळीनंतर राजिमला जायचं आहे. महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांचा संगम, काठावर राजीवलोचनाचं देऊळ; रायपूरहून जेमतेम 45 किलोमीटर. सासूबाईंचे गुडघे गेल्या वर्षीपेक्षा कुरकुरतात, म्हणून या खेपेला खोली तळमजल्यावरची सांगितली आहे. मुलांनी पुन्हा पोहायच्या तलावाचा विषय काढला. त्यांच्यासाठी शेवटचा एक दिवस व्हीआयपी रोडला ठेवला आहे. बाकीचे दिवस गुढियारीत.