कातर आणि कातर

संस्कृत ‘कर्तरी’वरून आलेली ‘कातर’ म्हणजे मोठी कात्री. ‘कातर’ या विशेषणाचा अर्थ मात्र भ्यालेला, व्याकूळ. दोहोंची व्युत्पत्ती भिन्न. तरी इंग्लंडमधील एका तबेल्यात हे दोन्ही शब्द मला एकत्र भेटले. हिवाळ्यातील दाट केसांत घाम लवकर सुकत नाही, म्हणून तेथे कामाच्या घोड्याचे अंग यंत्राने भादरतात. अंगासाठी दमदार यंत्र. कान व तोंडासाठी लहान, कमी आवाजाचे. पाती बोथट झाली की केस ओढले जातात. तेल आटले की पाती तापतात. म्हणून मोतद्दार थोड्या थोड्या वेळाने पाती मनगटाला लावून पाही, अडकलेले केस झटकी, तेल सोडी. एकदा चटका बसलेला घोडा पुढे नुसत्या घरघरीनेही कातर होतो. पात्याची निगा ही मुक्या जिवाच्या विश्वासाचीच निगा असते.