अर्धी पर्वती

दिवाळी अंकात वसंत ऋतूची गोष्ट सांगणे म्हणजे नरकचतुर्दशीला रंग खेळण्यासारखे आहे, हे मला कळते. पण आमच्या पुण्यात व्यायामाचा हंगाम सुरू होतो तो दिवाळीतच. पहिली थंडी पडते, कपाटातल्या कानटोप्या बाहेर येतात आणि सारसबागेभोवती पहाटे फिरणाऱ्यांची रीघ लागते. संक्रांतीपर्यंत ही रीघ निम्मी होते. जे निम्मे गळतात त्यांतला मी एक जुना मानकरी. मी पुन्हा चालू लागलो तो गेल्या फाल्गुनात, जेव्हा शहाणी माणसे उन्हाच्या भीतीने व्यायाम सोडतात तेव्हा. ती हकीकत यंदाच्या गळणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

माझी दुखणी मोठी नाहीत. मोठी असती तर त्यांना घरात काही मान तरी मिळाला असता. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. डावी टाच सकाळची पहिली दहा पावले जमिनीला टेकू देत नाही आणि अकराव्या पावलाला काही झालेच नाही अशी वागते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका आल्या की कंबर धरते आणि आंब्याला मोहोर आला की शिंका सुरू होतात. वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून मराठी शिकवल्याची ही कमाई.

"गुडघा बरा झाला, तर पर्वतीला जाईन," हे वाक्य मी सात वर्षे म्हणत होतो. वर्गात मी मुलांना शिकवतो की हे संकेतार्थी वाक्य. यात अट पुरी झाली नाही तर क्रियाही घडत नाही. घरी मात्र हे व्याकरण मला कधी आठवले नाही.

आम्ही शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या अलीकडे राहतो. वाडा गेला, त्या जागी इमारत आली. पण नदीच्या बाजूला एक कडुलिंब अजून उभा आहे. फाल्गुनातल्या एका पहाटे त्यावर कोकीळ ओरडत होता. खिडकीशी तात्या, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना चढ-उतार बंद केला. त्याआधी पर्वती हा त्यांचा नेम होता. ते बाहेर बघत म्हणाले, "आज वर वारा छान असेल."

मला कुणी जा म्हटले नव्हते. म्हणूनच नाही म्हणता आले नाही.

डॉक्टरांकडे गेलो ते, खरे सांगायचे तर, नकाराची चिठ्ठी मिळेल या आशेने. ते म्हणाले, "खुशाल जा. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर भार जास्त येतो, तेव्हा सावकाश उतरा. दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमलं, तर चिंता नाही. वाढत गेलं, सूज आली, तर थांबा. छातीत दुखलं तर मात्र क्षणभरही थांबू नका, माझ्याकडे या." माझ्या सात वर्षांच्या सबबीचा पाच मिनिटांत निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी बाजीराव रस्त्याने निघालो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकाने अजून झोपलेली. शनिपार मागे टाकला, सारसबाग आली, पर्वतीचा पायथा आला. पायऱ्या रुंद आणि ठेंगण्या. त्या १०३ आहेत म्हणतात. लहानपणापासून माझी मोजणी मात्र कधी दोनदा सारखी आलेली नाही.

हे देवस्थान नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले. आख्यायिका अशी, की त्यांच्या मातोश्री काशीबाई यांना पायाचे दुखणे होते. या टेकडीवरच्या देवीला नवस केल्यावर त्यांना बरे वाटले, म्हणून देऊळ उठले. म्हणजे ही पर्वती मुळात पायदुखीतूनच उभी राहिलेली. माझ्या गुडघ्याला याहून योग्य जागा कुठली?

पंचेचाळीस पायऱ्या झाल्या आणि गुडघ्याने या विनोदाला हसायचे नाकारले. कठड्याशी टेकलो. माझ्या दुप्पट वयाच्या वाटाव्यात अशा एक आजी काठी टेकत शेजारून वर गेल्या. मी थोडा वेळ पुण्याकडे पाहिले आणि खाली उतरलो.

घरी तात्या वाट पाहत होते. "जाऊन आलास?"

"आलो की! वर काय वारा होता! तळजईच्या बाजूला गिरिपुष्प फुललंय, सगळी टेकडी गुलाबी झालीय." अध्यापकाला वर्णन करायला वेळ लागत नाही.

तात्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. ते पोस्टात होते. वेळेचा हिशेब त्यांच्या हाडात आहे. "सव्वा तासात? चालत?" एवढेच म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडले.

शेचाळीस वर्षांचा माणूस वडिलांशी खोटे बोलताना सापडला की त्याचे वय एकदम दहा होते. चहा घेताना मी कबूल केले, "तात्या, पंचेचाळीस पायऱ्या चढलो. पुढे गुडघ्याने ऐकलं नाही."

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "माझाही गेला होता गुडघा. तू तिसरी-चौथीत असशील. दोन वर्षं मी अर्ध्यावरूनच परतत होतो."

"पण आपण तर वर देवळापर्यंत जायचो!"

"रविवारी. तू बरोबर असायचास ना." ते जरा थांबले. "मग सोमवारी लंगडत कामावर जायचो. मूर्खपणाच तो. अर्ध्या पायऱ्यांनी गुडघा सुधारत होता, रविवारी मी तो पुन्हा बिघडवायचो."

मी काही बोललो नाही. वडील म्हणजे न थांबता चढणारा माणूस, ही माझी आयुष्यभराची समजूत. त्या मापाने मी स्वतःला मोजत आलो आणि कमी भरतो म्हणून घरी बसलो. आणि ते माप केवळ रविवारचे होते!

त्या दिवसापासून आमच्यात एक रिवाज पडला. मी परत आलो की तात्या विचारतात, "किती?" मी खरा आकडा सांगतो. पंचेचाळीस. पन्नास. पाडव्याला बासष्ट. एकदा टाच फारच रुसली तेव्हा, "शून्य, पायथ्याशीच बसलो." तेव्हाही त्यांनी मान डोलावली. वैशाखात, ऊन चढायच्या आत, एकदाचा देवळापर्यंत पोचलो. तोवर गिरिपुष्पाची फुले केव्हाच झडून गेली होती आणि टेकडी बोडकी दिसत होती. ते मी होते तसेच सांगितले. तात्यांनी पुन्हा पुन्हा विचारून ऐकले.

दुखणी गेली का? नाही. गुडघा पूर्वीपेक्षा कमी कुरकुरतो, टाच तशीच आहे, आणि शिंकांनी पुढच्या मोहोराचे निमंत्रण घेऊन ठेवले असेल. फक्त ती बरी होण्याची वाट पाहणे मी सोडले.

आता रविवारी माझी दहा वर्षांची मुलगी बरोबर येते. परवा साठाव्या पायरीवर गुडघ्याने खूण केली. वर पाहिले, थोडे दात आवळले असते तर जमले असते. मी कठड्याशी बसलो.

"बाबा, दमलात?"

"गुडघा दुखतोय. आज इथपर्यंतच."

तिने क्षणभर विचार केला. "मग तुम्ही बसा. मी वर जाऊन वारा आहे का बघून येते. आजोबांना सांगायला हवं ना!"

आणि ती पायऱ्या मोजत वर गेली.