चौकट नंतर उघड

चि. मुक्ता,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, आता सॉफ्टवेअरच एक्स-रेवरचे डाग शोधून त्यांभोवती चौकट काढून देतं. आम्ही बघायचं आणि सही ठोकायची." तू हसलीस, मी गप्प झालो. रेंज गेली नव्हती गं.

म्हातारा यंत्रावर रुसला, असं मात्र तुझ्या आईला सांगू नकोस. रुसू कशाला? तालुक्याला एक्स-रे मशीन असायचं, फिल्म वाचणारा नसायचा. जिल्ह्याहून रिपोर्ट येईपर्यंत घरात आणखी कुणाला तरी खोकला लागलेला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं १५ वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचायला संगणक चालेल असं सांगितलं, तेव्हा मला खरंच आनंद झाला. आपल्या मुंबईची क्यूअर डॉट एआय हेच काम करते. हे आम्हाला तीस वर्षं आधी मिळायला हवं होतं.

आणि २०१६ आठवतं? जेफ्री हिंटन म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंद करा, पाच वर्षांत यंत्रं त्यांच्या पुढे जातील. ती पाच वर्षं कधीच सरली. पण त्या वेळी घरातल्या सगळ्यांनी, रेडिओलॉजी घेऊ नकोस म्हणून, तुला किती घाबरवलं! तू ऐकलं नाहीस. तेव्हा बोललो नाही, पण फार बरं वाटलं होतं.

मग आता 'सही ठोकायची' कुठून आलं?

२०२३ मध्ये २७ रेडिओलॉजिस्टना मॅमोग्राम वाचायला दिले होते. त्यातल्या काहींवर एआयचं उत्तर म्हणून मुद्दाम चुकीचं उत्तर दाखवलं. तिथे मुरलेल्या डॉक्टरांचीही निम्म्याहून जास्त उत्तरं चुकली. नवख्यांचं तर विचारूच नकोस. पोलंडमधली गोष्ट मला जास्त लागली. आतड्याच्या दुर्बीण तपासणीत एआयची सवय झाल्यावर, त्याच्याविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ वर आलं. दुसरीही कारणं असतील, मान्य. पण हजारो तपासण्या केलेले हात होते ते.

लहानपणी दवाखान्यात स्टुलावर चढून तू व्ह्यूबॉक्सचं बटण दाबायचीस आणि बरगड्या मोजायचीस. मी म्हणायचो, हसळीच्या हाडामागे बघ, हृदयाच्या सावलीत बघ, रोग तिथे लपतो. तू नाक काचेला लावायचीस. ते बघणं असं बघून बघूनच येतं.

तेव्हा एवढं कर. फिल्म आधी तू वाच, दोन ओळी लिही, मगच चौकट उघड. वेळ नसतो, माहीत आहे. सगळ्यांना नाही जमलं तर रोज दहा फिल्मना तरी कर. आणि पुढच्या खेपेला येशील तेव्हा तुझं नि यंत्राचं पटलं नाही असे दोन-तीन एक्स-रे घेऊन ये. पेशंटचं नाव झाकून आण. मला बघायचे आहेत.

तुझा,
काका