आजारी आईबापांचा अधिकार

न्यू जर्सीतील एका कर्करोग-रुग्णालयात मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते, त्यामुळे माझा संबंध रोगापेक्षा रोग्याच्या बिऱ्हाडाशीच अधिक येतो. आणि रोगी जेव्हा लहान मुलांची आई किंवा बाप असतो, तेव्हा औषधयोजना, विम्याचे अर्ज आणि रजेचे दाखले यांच्या ढिगाऱ्याखाली एक प्रश्न हटकून दडपलेला आढळतो. आईबाप अंथरुणास खिळले असता मुलांवर अधिकार कोणाचा, आणि ते त्या अंथरुणावरून उठलेच नाहीत तर तो कोणाकडे जावयाचा, हा तो प्रश्न.

या भूमीवर त्या प्रश्नास पूर्वी जी उत्तरे दिली गेली, ती फार निष्ठुर होती. तेव्हा स्वतंत्र असलेल्या हवाईच्या राज्यात १८६५ साली कुष्ठरोग्यांना अलग ठेवण्याचा कायदा झाला, आणि पुढील वर्षापासून मोलोकाई बेटावरील कालाउपापा येथे, जेथे तीन बाजूंस समुद्र आणि चौथ्या बाजूस सरळसोट कडा आहे अशा जागी, रोग्यांची रवानगी होऊ लागली. कालांतराने ती बेटे अमेरिकेच्या अंमलाखाली आली, तरी व्यवस्था तीच राहिली. त्या वसाहतीत विवाह होत आणि मुलेही होत. परंतु नवजात मूल आईच्या कुशीत न देता शिशुगृहात नेले जाई, आईबापांना ते काचेपलीकडून पाहावे लागे, आणि काही काळाने नातलगांच्या अथवा आश्रमाच्या हवाली केले जाई. १९४६ च्या सुमारास सल्फोनची औषधे तेथे पोहोचून रोग आटोक्यात आला, तरी सक्तीचा विलगवास रद्द व्हावयास १९६९ साल उजाडावे लागले. माझ्या न्यू जर्सीतही १९०९ साली क्षयी आईबापांच्या निरोगी मुलांना घरापासून दूर ठेवणारी संस्था निघाली होती. तिच्या चालकांचा हेतू सद्भावनेचा होता, हे मी मान्य करते, पण आईबाप आजारी पडले की त्यांचे आईबापपण रद्द होते हे गृहीत दोन्हीकडे सारखेच होते.

ते गृहीत कायद्याच्या भाषेत प्रथम खोडून काढले ते न्यूयॉर्क राज्याने, १९९२ साली, आणि तेही ज्यांना समाजात काडीची प्रतिष्ठा नव्हती अशा स्त्रियांसाठी. एड्सने न्यूयॉर्क शहरातील शेकडो एकट्या, दरिद्री आया मरणाच्या दारी उभ्या केल्या होत्या. अशा आईपुढे तोवर दोनच मार्ग होते: एक तर हयातीतच मुलाचा ताबा दुसऱ्यास देऊन टाकावा, नाही तर मृत्युपत्र करून, ते न्यायालयात मंजूर होईपर्यंत मुलाचे काय होईल हे दैवावर सोडावे, आणि ती जिवंत असून केवळ बेशुद्ध अथवा असमर्थ झाली, तर मृत्युपत्राचाही काही उपयोग नव्हता. नव्या कायद्याने तिला अशी मुभा दिली, की तिने आपल्या पश्चात उभा राहणारा पालक आजच नेमावा, त्याचा अधिकार ती असमर्थ होईल अथवा मरेल तेव्हा सुरू व्हावा, आणि तोपर्यंत तिचा स्वतःचा अधिकार तसूभरही कमी होऊ नये. न्यायालयात जाण्याइतके बळ नसेल तर दोन साक्षीदारांसमोर केलेला लेखही चालतो. नंतर पालकाने मुदतीत न्यायालयाची मंजुरी घ्यावयाची. १९९७ साली काँग्रेसनेही इतर राज्यांनी अशी तरतूद करावी असे मत नोंदविले. मला कायद्यांचे सहसा कौतुक वाटत नाही, पण या कायद्याचे वाटते.

आता आपल्या मराठी घरांकडे वळते. गावी सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावापुढे 'अ.पा.क.' म्हणून कोणाचे नाव लागले पाहिजे, याविषयी दक्ष असणारी आमची माणसे येथे मात्र 'पुण्याला माझा भाऊ आहे की' एवढ्या भरवशावर निर्धास्त असतात. परंतु त्या भावाजवळ व्हिसा नसतो; मदतीस आलेली आजी बहुधा सहा महिन्यांच्या मुदतीवर आलेली असते; आणि ज्याच्या नोकरीच्या व्हिसावर सारे कुटुंब येथे राहते, तोच गेला तर बायकामुलांच्या वास्तव्याचा आधारही त्याच्याबरोबर जातो. येथे जन्मलेले मूल अमेरिकेचे नागरिक असले, तरी ते एकवीस वर्षांचे होईपर्यंत त्या नागरिकत्वाच्या जोरावर कोणास येथे आणून वसवू शकत नाही. म्हणून मी नेहमी दोन नावे लिहावयास सांगते: पहिल्या काही आठवड्यांसाठी याच गावातील एखादा स्नेही, आणि कायमचा पालक म्हणून नातलग. यजमान मान डोलावतात; बाई मात्र पुष्कळदा म्हणतात, 'असलं अभद्र कशाला लिहायचं?'

अभद्राची हीच भीती मुलांपासूनही सारे लपविते. 'मम्मीला जरा बरं नाहीये' या वाक्यावर सात वर्षांच्या मुलाची वर्षभर बोळवण केली जाते, आणि ते मूल, त्या वयाच्या स्वभावधर्मास अनुसरून, आपण हट्ट केला म्हणून आई आजारी पडली असा निष्कर्ष मनाशी काढून मोकळे होते. किमोथेरपीनंतर साधारण सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी नीचांकास जातात. त्या दिवसांत शाळेतून आलेली साधी सर्दीही घातक ठरू शकते. एका घरात याच कारणाने 'आईजवळ जाऊ नकोस' असे मुलाला बजावले होते, पण कारण सांगितले नव्हते. तो दारातच उभा राही, आणि फोडणीच्या वासाने आईला मळमळते म्हणून स्वयंपाकघर बंद असल्यामुळे दुधातले सीरियल तेथेच उभ्याने खाई. मी त्याला रोगाचे नाव सांगितले, तो त्याच्यामुळे झालेला नाही आणि स्पर्शाने होत नाही हे सांगितले, आणि साबणाने वीस सेकंद हात धुऊन, सर्दी-ताप नसेल तर, आईच्या कुशीत खुशाल शिरावे असेही सांगितले. त्याने विचारले, 'मग मला डबा कोण देणार?' मुलांचे प्रश्न बहुधा याच प्रकारचे असतात; मृत्यूच्या तत्त्वज्ञानापेक्षा उद्याच्या बंदोबस्ताची त्यांना अधिक चिंता असते. पुढे रविवारी आईच्या गोळ्यांची सात खणांची डबी तिच्या देखरेखीखाली भरण्याचे काम त्याने आपण होऊन पत्करले, आणि एखादी गोळी कमी पडली तर तो बापालाही फैलावर घेऊ लागला.

ज्यांच्या घरी आज असे दुखणे आहे, त्यांना माझी विनंती एवढीच, की आपल्या राज्यात पालक-नेमणुकीचा कायदा काय आहे ते रुग्णालयातील समाजसेवा विभागात विचारावे, आणि वकिलाची फी परवडत नसेल तर तेही तेथेच मोकळेपणाने सांगावे, कारण हे काम विनामूल्य करणाऱ्या कायदेसाहाय्य संस्था मोठ्या शहरांतून आहेत. कागद करताना मूल समजत्या वयाचे असेल, तर नेमावयाच्या माणसाविषयी त्याचे मत आधी विचारून घ्यावे.