दोन रकाने

रक्त तपासून घेण्यात एकच मोठा धोका असतो. त्याचा अहवाल येतो. सकाळी उपाशीपोटी दंड पुढे करून माणूस घरी परततो, चहा पितो, वर्तमानपत्र वाचतो. आणि संध्याकाळी त्याच्या हाती आकड्यांचा एक कागद पडतो. त्यातले बरेचसे आकडे गुपचूप आपापल्या ओळीत बसलेले असतात. पण एखादा जाड ठशात, शेजारी वर तोंड केलेला बाण घेऊन उभा राहिला, की घरच्या मंडळींना दुसरे काही दिसेनासे होते.

माझ्या पहिल्या अहवालात असे तीन बाण होते.

मुळात हे रक्त का तपासायचे, ते सांगितले पाहिजे. मी जन्मलो तेव्हा इस्पितळातल्या नर्सने बाहेर येऊन ‘लक्ष्मी आली’ असे जाहीर केले. बिचारीने दिसले ते सांगितले. पण कळू लागल्यापासून त्या लक्ष्मीला आपण मुलगा आहोत याविषयी शंका नव्हती. शंका इतरांना होती, आणि ती फिटेपर्यंत मी पस्तिशी गाठली. २०१८ साली बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांची हकीकत वर्तमानपत्रांत झळकली. बाई म्हणून भरती झालेल्या या शिपायावर मुंबईच्या सेंट जॉर्ज इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि पुरुष म्हणून ते खात्यात कामावर रुजू झाले. त्यांची गोष्ट माझ्याहून वेगळी; पण आईने ती बातमी दोनदा वाचली, कात्रण काढले आणि कपाटात ठेवले. बोलली काहीच नाही. पुढे माझी इंजेक्शने सुरू झाली तेव्हा एवढेच म्हणाली, “त्यात असतं तरी काय?”

त्यात टेस्टोस्टेरॉन असते. चार प्रकारचे, काही लवकर विरघळणारे, काही सावकाश. आणि ते सारे शेंगदाण्याच्या तेलात. शेंगदाण्याचे तेल ऐकून आईला जरा धीर आला. १९३५ साली ॲमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी बैलांच्या शंभर किलो वृषणांतून हे द्रव्य जेमतेम दहा मिलिग्रॅम मिळवले होते. माझ्या एका कुपीत अडीचशे मिलिग्रॅम! त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत बनवले, म्हणून बरे. नाहीतर माझ्यापायी गोठेच्या गोठे ओस पडले असते.

तर तीन बाण. हिमोग्लोबिन १६.२, कागदावरची मर्यादा १२ ते १५. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण किती ते सांगणारे हिमॅटोक्रिट ४९. मर्यादा ३६ ते ४६. आणि टेस्टोस्टेरॉन ६४०, मर्यादा ७०! आई शिक्षिका होती. तिने मनातल्या मनात भागाकार केला आणि दिंडोशीच्या नागरी निवाऱ्यातल्या आमच्या छोट्या घरात ती मटकन खाली बसली. “नऊपट? अगं, बंद कर ते आधी!”

मला ‘अरे’ म्हणायला तिला चार वर्षे लागली होती. त्या नऊपटीने ती एका क्षणात मागे नेली. तिचे वडील पक्षाघाताने गेले होते, आणि घट्ट रक्त म्हणजे काय ते तिने डोळ्यांनी पाहिले होते. तिला वाटले, आता मुलगा हवा की त्याचा जीव, एवढाच सवाल उरला. त्या रात्री मीही छताकडे पाहत पडलो होतो. इंजेक्शन बंद म्हणजे पुन्हा महिन्याचे ते दिवस, हे तिला कसे सांगावे?

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कागद पाहिला आणि खिशातली पेन्सिल काढली. माझ्या आधारपत्रावर तेव्हा जुनेच अक्षर होते. त्यावरून प्रयोगशाळेच्या यंत्राने इमानेइतबारे बायकांचा रकाना छापला होता. डॉक्टरांनी त्या मर्यादा खोडून शेजारी पुरुषांच्या लिहिल्या : १३ ते १७, ४० ते ५०, ३०० ते १०००. तिन्ही बाण विरघळले. रक्त तेच, आकडे तेच.

“पण म्हणून हे पुरुषाचं रक्त होतं का?” आईने विचारले. मास्तरीणच ती! डॉक्टर म्हणाले, हिमोग्लोबिनपुरते विचाराल तर होते. टेस्टोस्टेरॉनमुळे मूत्रपिंडाकडून हाडांतल्या मगजाला जास्त पेशी बनवण्याचा निरोप जातो, आणि लोखंडाच्या कोठारावर यकृत जे कुलूप घालते तेही सैल होते. पुरुषांचा आकडा बायकांपेक्षा वर असतो तो मुख्यतः याच द्रव्यामुळे. शिवाय दर महिन्याला रक्त जात नाही हेही आहेच. म्हणजे पुरुषांचा रकाना हा खरे तर हे द्रव्य अंगात असलेल्यांचा रकाना. मला हे उत्तर फार आवडले. चाळीस वर्षांत माझ्याविषयी इतके नेमके कोणी बोलले नव्हते.

यापुढे बाणाकडे पाहायचेच नाही, अशी समजूत करून घेणे आता सोपे होते. आईने ती करून घेऊ दिली नाही. पुढच्या ऑक्टोबरातला अहवाल तिने सरळ पुरुषांच्या रकान्याशी ताडून पाहिला. हिमोग्लोबिन १८.१, हिमॅटोक्रिट ५५. हा बाण दोन्ही रकान्यांत बाणच होता.

५४ च्या वर गेले की डॉक्टर मंडळी थांबून विचार करतात. रक्त दाट झाले की गुठळीची भीती. पण विचार करतात, घाबरत नाहीत. आधी प्रश्न झाले. पाणी किती पितोस? रात्रभर पाण्याशिवाय, त्यात ऑक्टोबरचे ऊन. पाणी कमी पडले तरी रक्त दाट दिसते. तंबाखू? नाही. घोरतोस का? याचे उत्तर आईने दिले. मालाडच्या खाणीत पूर्वी सुरुंग उडायचे, तसे. झोपेत श्वास अडकत असला तरी तांबड्या पेशी वाढतात, म्हणून झोपेचीही तपासणी झाली. दिंडोशीच्या सत्र न्यायालयाच्या भाषेत सांगायचे, तर घोरणे पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

“मग थोडं रक्तदान कर,” आई म्हणाली. सल्ला चुकीचा नव्हता. दाट रक्त कमी करायला कधी कधी तसे काढतातही. पण २०१७ साली निघालेल्या रक्तदात्यांच्या नियमांत माझ्यासारख्यांना वगळले होते, आणि ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. आईला याचा आकड्यांपेक्षा जास्त राग आला.

पाणी पिऊन, नव्या इंजेक्शनच्या आदल्या सकाळी पुन्हा रक्त दिले. ५३. तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवड्यांचा एक मोठा डोस मोडून लहान लहान डोस लवकर लवकर द्यायचे ठरवले. मोठ्या डोसानंतर दोनचार दिवस रक्तातले द्रव्य उंच चढते आणि मग ओसरते; त्या चढाने मगज जास्त उत्साहात येतो. फरक लगेच दिसणार नव्हता. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; जुन्या पेशी गेल्याशिवाय आकडा कसा उतरणार? साडेतीन महिन्यांनी तो ४९ वर आला. पहिल्या वेळी आईला खाली बसवणाऱ्यांतला तोच ४९. या वेळी तिने चष्मा काढला आणि मला बाजारातून वांगी आणायला सांगितले.

हल्ली ओळखीतली आमच्यासारखी तरुण मुले तिच्याकडे आपले कागद घेऊन येतात. गेल्या महिन्यात एक आला होता, दोन वर्षे इंजेक्शने घेणारा. त्याच्या अहवालात एकही बाण नव्हता. स्वारी खुशीत होती, फक्त जिना चढताना धाप लागते म्हणाला. हिमोग्लोबिन १२.४, बायकांच्या रकान्यात अगदी शिस्तीत बसलेले. आईने शेजारी पेन्सिलीने १३ लिहिले आणि त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पिटाळले. लोह कमी निघाले. आता तो गोळ्या घेतो, आणि त्यांनी पोट बिघडते म्हणून रोज आईला फोन करून तक्रार करतो.